एकशे चौऱ्याहत्तर ठोके

ती. अक्का,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. कंबर रविवारपासून धरली आहे, त्याचं कारण पुढे येईलच.) इकडे सगळे खुशाल, असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहितो, तू ते लगेच खरं धरू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना उजवा दुखतो की डावा, हे मागच्या पत्रात तू लिहिलं नव्हतंस, आणि मी त्यावर दोन दिवस डोकं खाजवत होतो. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतेस ना? घेत असशील तर उत्तम. नसशील तर आधी उठून घे आणि मग पुढे वाच. फोन का नाही केला, असं तू विचारशीलच. फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो अक्का' म्हणतो. गेली चाळीस वर्षं आपली हीच पद्धत आहे आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. पण या वेळी सांगायचं बरंच आहे आणि 'हो अक्का'मध्ये ते मावणार नाही.

मुद्द्याकडे येतो. (मी मुद्द्याकडे येतो म्हटलं की तू चष्मा काढून ठेवतेस. ठेवू नकोस, लागेल.) तू हुकूम सोडला होतास की तुझी लेक भिंगरी दर रविवारी दुपारी पाठीवर भलीमोठी पेटी मारून जाते कुठे, याचा छडा लाव. बऱ्या ठिकाणी जात असेल तर कळव. भलत्या ठिकाणी जात असेल तर येत्या एक तारखेला तिला दातांच्या लॅबमधल्या नोकरीचा राजीनामा द्यायला लाव आणि सामानासकट घरी आणून सोड, म्हणजे ती तुझ्या टायपिंग क्लासचं तरी बघेल. 'सामानासकट'च्या खाली दोन रेघा होत्या. अक्का, आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी लपूनछपून बाजू घेतली असं व्हायला नको: मला ती इथेच हवी आहे. पोरगी चोवीस वर्षांची आहे, दिवसभर लोकांचे दात घडवते, मेणाचा एक दात बोटावर धरून खिडकीच्या उजेडात तासतासभर बघत बसते, आणि घरी आली की जेवणाच्या टेबलावर बोटांनी टकटक वाजवत मला दिवसभराच्या दातांच्या गोष्टी सांगते. पोरंबाळं नसलेल्या घरात गेल्या दोन वर्षांत आवाज झाला तो तिच्यामुळे. पण तुझा हुकूम तो हुकूम, म्हणून मी कामाला लागलो.

आणि कामाला लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी मला फ्रिजवर तिच्या अक्षरातली चिठ्ठी सापडली. जशीच्या तशी उतरवून देतो: 'रविवार, ४ ते ५. आधी १६८, मग १७०, मग १७४. मग ब्रेक. दोन सेकंद काहीच नाही. मग ड्रॉप. शेवट १७४ वरच. हळूहळू नाही, एकदम.'

तू म्हणशील, यात घाबरण्यासारखं काय आहे. तू जन्मभर टायपिंग शिकवलंस, तुला यात फार तर स्वल्पविराम जास्त दिसतील. पण मी चौतीस वर्षं इस्पितळात ईसीजी काढले आहेत. माझ्यापुढे कोणी कागदावर एकशे अडुसष्ट, एकशे सत्तर, एकशे चौऱ्याहत्तर असे आकडे चढत्या क्रमाने लिहिले की मला ते मिनिटाला पडणारे ठोकेच दिसतात, दुसरं काही दिसूच शकत नाही. आणि त्यापुढे 'दोन सेकंद काहीच नाही'! आमच्या खात्यात दोन सेकंद काहीच नसलं की मी खुर्ची मागे सारून डॉक्टरांना हाक मारत पळायचो. 'शेवट'बद्दल तर मी बोलतच नाही. मी चिठ्ठी तुझ्या भावजयीला दाखवली. ती भाजी चिरत होती. म्हणाली, लॅबमधलं काहीतरी असेल, दातांचे नंबर. माणसाला एकशे चौऱ्याहत्तर दात असतात का, असं मी विचारलं, तर म्हणाली, त्यांच्याकडे बरीच माणसं येतात. या बाईला झोप कशी लागते हे मला लग्नापासून पडलेलं कोडं आहे.

मग मी भिंगरीची नाडी बघायच्या मागे लागलो. आता, घरातल्या जवान मुलीचं मनगट बिनकारणाचं धरायचं म्हणजे काही सोपं काम नाही. पहिल्या दिवशी मी तिचं घड्याळ बघायला म्हणून हात धरला. (भिंतीवर घड्याळ आहे, माझ्या मनगटावर आहे, आणि तिने ते घातलेलंच नव्हतं.) दुसऱ्या दिवशी हात बघून भविष्य सांगतो म्हटलं आणि बोटं नाडीवर ठेवून गप्प बसलो, तर अर्ध्या मिनिटाने ती म्हणाली, मामा, माझं भविष्य इतकं वाईट आहे का, तू ओठ हलवून मोजतोयस काय? आकडा आला बहात्तर. बहात्तर म्हणजे अगदी झकास. पण मला त्याने अजूनच धडकी भरली, कारण आठवडाभर बहात्तर असलेलं काळीज रविवारी चार वाजता एकदम एकशे चौऱ्याहत्तरवर जात असेल तर ते फार लबाड दुखणं झालं. मी आमच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, ज्यांच्या हाताखाली मी सगळी नोकरी काढली. कुणाचं असं होतं आहे, असं त्यांनी विचारलं, तर मी नाव सांगेना. मग त्यांनी विचारलं, तुमची स्वतःची तब्येत कशी आहे? मी म्हटलं, माझं राहू द्या हो. (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.)

शनिवारी तुझ्या भावजयीने भिंगरीचा लॅबमधला पांढरा कोट धुवायला काढला, तर खिशातून एक जाहिरात निघाली. त्यावर लिहिलं होतं: 'जंगल आणि ब्रेकबीट. लाइव्ह. रविवारी दुपारी चार वाजता, जुना बर्फाचा कारखाना.' आणि खाली, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, 'भिंगरी'. आम्ही दोघं त्या कागदाभोवती बसलो. जंगल हा शब्द वाचून तुझ्या भावजयीचा जीव भांड्यात पडला. पोरगी झाडं लावायला जाते, तिने जाहीर करून टाकलं, आणि पेटीत रोपं असणार. जंगलाचं मी सोडून दिलं. माझा डोळा 'ब्रेकबीट'वरून हलेना. बीट म्हणजे ठोका, आणि तो ब्रेक, म्हणजे मोडलेला, तुटलेला. माझ्या खात्यात याला लांबलचक नावं आहेत; इतक्या उघडपणे जाहिरातीत छापलेलं मी प्रथमच पाहिलं. आणि वर 'लाइव्ह', म्हणजे जिवंत! ज्या कार्यक्रमात मुलगी जिवंत आहे हे मुद्दाम छापावं लागतं, तो कार्यक्रम कसला असेल, तूच सांग. मी रात्रभर कूस बदलत होतो.

रविवारी ती तीन वाजता निघाली आणि पंधरा मिनिटांनी मी निघालो. बरोबर माझं मशिन घेतलं. तुला आठवत असेल, निवृत्तीच्या दिवशी इस्पितळाने मला मी वापरत असलेलंच जुनं ईसीजीचं मशिन भेट दिलं होतं. (त्यांना नवीन आलं होतं आणि जुनं कुठे टाकावं हा प्रश्न होता, पण भाषणात ते वेगळ्या शब्दांत सांगितलं.) ते बॅटरीवर चालतं, प्रत्येक ठोक्याला टीक करून वाजतं, आणि त्याचं वजन अकरा किलो आहे. कंबरेचं कारण हे. पिशवीत मशिन, हातापायाचे चार चिमटे, छातीला लावायचे सहा रबरी फुगे, जेलीची ट्यूब, आणि सगळ्यात वर तुझ्या भावजयीने कोंबलेली डासांचं मलम आणि टॉर्च, कारण जंगल.

बर्फाच्या कारखान्यात आता बर्फ होत नाही. जाड भिंतींची एक लांबच लांब खोली आहे, आणि दाराशी एक पहिलवान उभा असतो, जो प्रत्येकाची पिशवी उघडून बघतो. त्याने माझी उघडली. वायरी बाहेर काढल्या, चिमटे बघितले, एक रबरी फुगा दाबून बघितला, मशिनच्या बटणांवरून आदराने बोट फिरवलं, आणि मला विचारलं, काका, लाइव्ह? आता या प्रश्नाला माणसाने काय उत्तर द्यावं? मी म्हटलं, हो बाबा, अजून तरी. तर तो दिलखुलास हसला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला रांगेतून काढून बाजूच्या दाराने आत घेऊन गेला. तिथे एक शेंडीवाला होता, आवाजाचं काम बघणारा, गळ्यात वायरींची वेटोळी. त्याने माझं मशिन बघितलं आणि त्याचे डोळे चमकले. जुनं ते जुनंच, म्हणाला, असं हल्ली मिळत नाही. मी म्हटलं, चौतीस वर्षं वाजवतोय. त्याने मला मंचाच्या कडेला, एका कपाटाएवढ्या स्पीकरच्या आडोशाला स्टूल दिलं, टेबल दिलं, आणि टेबलावर, माझ्या मशिनच्या तोंडाशी, एक माइक लावून दिला. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाशी किती अदबीने वागतात ही मंडळी! (हे सगळे मलाही वाजवणारा समजत होते, हे मला नंतर कळलं.)

आणि मग भिंगरी आली. अक्का, आपली भिंगरी, जी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची. समोर तीन-चारशे माणसं. तिने पेटी उघडली, तबकड्या काढल्या, कानावर ते यंत्र चढवलं, एक हात वर केला आणि सुरू झालं. काय सुरू झालं हे मला नीट सांगता येणार नाही. ढोल होते, पण कुणीतरी त्यांचे बारीक तुकडे करून भलत्याच क्रमाने जोडल्यासारखे. जिना उतरताना पाय निसटतो आणि माणूस धडधडत खाली येतो, पण पडत मात्र नाही, आणि खाली पोचल्यावर पुन्हा वरून सुरू. एवढ्या वेगात! मी घड्याळ लावून मोजलं. एकशे अडुसष्ट. मग तिने काहीतरी फिरवलं, एकशे सत्तर. म्हणजे चिठ्ठीतले आकडे हे होते! नाडीचे नव्हते, गाण्याचे होते. (जंगल हेही असल्या गाण्याचंच नाव, हे नंतर कळलं.) मला इतकं हायसं वाटलं की मी तोंड झाकून घेतलं. आणि पुढच्याच क्षणाला दुसरी काळजी लागली: पोरीचं ठीक आहे, पण हे जे चारशे जण या वेगाने उड्या मारताहेत, त्यांचं काय? मी पुढच्या रांगेतला एक टकला गृहस्थ हेरला, माझ्याच वयाचा, आणि त्याच्यावर लक्ष ठेवून बसलो. तो मेला अजिबात दमेना.

इतक्यात घात झाला. गाणं ऐन भरात आलं होतं आणि लोक अचानक ओरडायला लागले. साधं ओरडणं नव्हे. हात वर, भिंतीवर थपडा, शिट्ट्या. आणि भिंगरीने तबकडी मागे खेचली, गाणं विचित्र किंचाळून थांबलं, आणि तिने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. पोरगी चुकली! भर सभेत चुकली आणि लोकांनी तिला पहिल्यापासून वाजवायला लावलं! मला तुझा क्लास आठवला, एक अक्षर चुकलं की अख्खं पान फाडून नव्याने टाइप करायला लावायचीस तू. मी स्टुलावरून उतरलो, पुढे गेलो आणि त्या टकल्या गृहस्थापुढे हात जोडले. म्हटलं, मुलगी नवीन आहे, सांभाळून घ्या, पुन्हा असं होणार नाही. त्याने माझे जोडलेले हात धरले, वर उचलले आणि माझ्यासकट उड्या मारायला लागला. नंतर कळलं की एखादं गाणं लोकांना फारच आवडलं की तिथे ते थांबवून पुन्हा लावायला लावतात, आणि वाजवणाऱ्याला याहून मोठा मान नाही. पान फाडायला लावणं हाच जिथे मान आहे, अशी ही जागा आहे, अक्का. तू तिथे फार लोकप्रिय झाली असतीस.

मी धापा टाकत स्टुलावर परत आलो. तरी मी मनाशी ठरवलं की आलोच आहोत तर भिंगरी खाली उतरली की तिचा ईसीजी काढायचाच. एवढं अकरा किलो उगीच आणलेलं नाही. आता आमच्या खात्याची एक शिस्त आहे, ती तुला सांगितली पाहिजे. रोग्याला वायरी लावण्याआधी मशिन स्वतःवर लावून बघायचं. रेघ उमटते ना, टीक वाजते ना, बस्स. तेवढी पट्टी फाडून टोपलीत टाकायची आणि रोग्याला हाक मारायची. चौतीस वर्षं रोज सकाळी मी हे केलं आहे. हात आपोआप चालतात. तसे ते चालले. मी चारही चिमटे स्वतःला लावले आणि बटण दाबलं. मशिनच्या तोंडाशी माइक आहे हे मी साफ विसरलो होतो, आणि त्या शेंडीवाल्याने आता माझी पाळी आली असं समजून माझा आवाज मोठा केला.

तेवढ्यात तिच्या चिठ्ठीतला तो ब्रेक आला. सगळं थांबलं. दोन सेकंद काहीच नाही. आणि त्या शांततेत, कपाटाएवढ्या चार स्पीकरांतून, टीक. टीक. टीक टीक. (काही नाही.) टीक. अक्का, ते माझं काळीज होतं. मी मशिन बंद करायला बोट पुढे केलं, पण समोर बघितलं तर चारशे माणसं श्वास धरून उभी. पुन्हा टीक टीक, पुन्हा खंड, आणि खंड पडला की अख्खी खोली 'हो!' करून ओरडायची आणि पुढच्या टिकेला पाय आपटायची. भिंगरीला वाटलं, शेंडीवाल्याने काहीतरी सोडलं. ती मान वाकडी करून ऐकत राहिली. मग तिने त्याच्याभोवती ढोल सोडले. (चिठ्ठीतला 'ड्रॉप' तो हाच.) माझ्या टिकेच्या मधूनमधून ते धावायला लागले, टीक चुकली की तेही अडखळायचे, आणि सावरून पुन्हा पळायचे. जमिनीतून बास, म्हणजे तो खालचा जाड घुमणारा आवाज, वर आला, चपलेतून पोटरीत, पोटरीतून छातीत. माझ्या डोक्यात सकाळपासून रात्रीपर्यंत जो काळज्यांचा बाजार भरलेला असतो (तुझे गुडघे, गॅसची नळी, कुलूप लावलं की नाही), तो एकदम बंद. जागाच उरली नाही त्याला. मी, अक्का, चिमटे लावलेले दोन्ही हात वर केले. लहानपणीसुद्धा मी असा कधी वागलो नव्हतो, तू साक्षीदार आहेस.

हे चार-पाच मिनिटं चाललं असेल. मग मला दिसलं की भिंगरीचा चेहरा बदलला. ती भुवया आवळून काहीतरी जुळवायला बघत होती आणि ते जुळत नव्हतं. तिने एका कानावरचं यंत्र काढलं, आवाज कुठून येतो ते बघत वायरीच्या मागोमाग डोळे फिरवत आली, आणि स्पीकरच्या आड तिला सापडलो मी, चिमट्यांसकट. तिने एका झटक्यात गाणं संपवलं (हळूहळू नाही, एकदम), लोकांनी छत डोक्यावर घेतलं, आणि ती खाली उडी मारून माझ्यापुढे गुडघ्यावर बसली. मला वाटलं, आता ओरडणार. तर म्हणाली, "मामा, हे तुझं आहे?" मी म्हटलं, मशिन माझं, भेट मिळालेलं. म्हणाली, "मशिनचं नाही विचारत. कुठलाही मोडका ताल चार वेळा ऐकला की मला कळतो, पाचव्यांदा मी त्याच्या आधी पोचते. हा मला पकडताच येईना. हा दर वेळी वेगळीकडेच चुकतोय." मी तिला समजावलं की मशिन जुनं आहे, चिमटा सैल असेल, घामाने वायर सरकते. तिने माझे चिमटे काढून स्वतःच्या हातापायांना लावले. आणि अशा रीतीने, अक्का, ज्यासाठी मी एवढा खटाटोप केला तो तुझ्या मुलीचा ईसीजी अखेर निघाला! शहाण्णव ठोके, उड्या मारल्यावर असायचे तेवढेच, आणि एकेक अक्षर छापल्यासारखं स्वच्छ. काळजी करू नकोस. मशिन उत्तम चाललं आहे.

नंतर आम्ही मागच्या पायरीवर बसलो. तिने मला पाणी दिलं आणि स्वतःचा हात माझ्या मनगटावर ठेवून बसली. (घड्याळ बघतेय, म्हणाली. शहाणी.) मी तिला रागावून विचारलं, हे एकशे चौऱ्याहत्तर कशाला? साठ-सत्तरमध्ये गाणी होत नाहीत का? ती म्हणाली, मामा, तू फक्त वरचं मोजलंस. ढोल एकशे चौऱ्याहत्तरने पळतात, पण खालचा बास त्याच्या निम्म्याने चालतो, सत्त्याऐंशीने. नाचणारे बासवर नाचतात. वरचं कितीही पळालं तरी खालचं आपल्या चालीने चालत असतं, म्हणून कोणी पडत नाही. मी विचारलं, हे तुला शिकवलं कोणी? आणि तिने काय सांगितलं ते मी मुद्दाम शब्दाला शब्द लिहितो. म्हणाली, "आईने. मी लहान असताना तिच्या टेबलाखाली बसायचे ना क्लासमध्ये? तीस मशिनं, तीस जणांचे तीस वेग, कोण पळतंय, कोण अडखळतंय, घंट्या वाजताहेत, आणि मध्ये आईची पट्टी टेबलावर, टक, टक, टक. ती कधी घाई करायची नाही. मी त्याच्यासारखं काही पुन्हा कुठे ऐकलं नव्हतं, ते इथे ऐकलं." आईला सांगू नकोस, म्हणाली. तू म्हणशील, मी वाजवत नव्हते, शिकवत होते.

तर असा हा सगळा वृत्तांत. ती बऱ्या ठिकाणी जाते की भलत्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ठिकाणाला खिडक्या कमी आहेत आणि आग विझवायची बादली मला एकच दिसली. पण तुझ्या शब्दाबाहेर मी आजवर गेलो नाही, आताही जाणार नाही. ठरल्याप्रमाणे एक तारखेला सकाळच्या गाडीने भिंगरीला सामानासकट घेऊन येतो. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, जिना आहे. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य सांग, आणि गोळी चुकवू नकोस.

तुझा आज्ञाधारक भाऊ

ता. क. एक तारखेचं जमेल असं वाटत नाही. त्या दिवशी तिचा पुन्हा कार्यक्रम आहे आणि तिकिटं संपली आहेत. शेंडीवाला घरी येऊन विचारून गेला की ते वायरीवाले काका पुन्हा येतील का. तुझ्या भावजयीने त्याला चहा दिला आणि झाडं किती लावली ते विचारलं.

ता. क. २. एक तारखेनंतरही जमणार नाही, अक्का. भिंगरी काल लॅबमध्ये गेलीच नाही. रविवारची माझी पट्टी मी सवयीने घरच्या टोपलीत टाकली होती, ती काढून ती मला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पट्टी टेबलावर पसरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मला ते न बोलणं ओळखीचं आहे, चौतीस वर्षं मी शेजारी उभा राहून ऐकलं आहे. माझे ठोके गळताहेत. एका जागी तर तीन सेकंद काहीच नाही. बहुधा वर्षभर चाललं असावं, म्हणाले. चक्कर येत नव्हती का? येत होती. मी ती कंबरेच्या खात्यावर टाकत होतो. निवृत्तीनंतरही घरी मी अधूनमधून मशिन स्वतःवर लावायचो, आणि पट्टी न बघता फाडून टाकायचो, कारण आपण बघायचं ते मशिन चालतं का एवढंच. तीन तारखेला छातीत पेसमेकर बसवायचा आहे. छोटं काम आहे, म्हणतात. मीही लोकांना हेच सांगायचो. तो मिनिटाला साठवर लावणार आहेत. भिंगरीने डॉक्टरांना विचारलं की सत्त्याऐंशीवर लावता येईल का, साठ फारच ढिलं पडेल. ते हसले. तिने महिनाभराची रजा टाकली आहे आणि माझ्या खोलीत खाट ओढून घेतली आहे. मी उठलो की ती उठते. तेव्हा तिला तिकडे पाठवण्यापेक्षा तूच इकडे ये, दोन तारखेपर्यंत, सामानासकट.

ता. क. ३. तुझी भावजय म्हणते, अक्कांना घाबरवू नका, सहज बोलावलंय असं लिहा. तसंच लिहिणार होतो. पण मला भीती वाटते आहे, अक्का. तू ये. आणि एक कर, येशील ती रागावलेलीच ये. दारातून ओरडतच आत शिर, मी काय मूर्खपणा केला ते सगळ्यांसमोर सांग. तू जर माझ्याशी गोड बोललीस, तर मला वाटेल डॉक्टरांनी तुला काहीतरी वेगळं सांगितलंय.